तुम्ही आतां स्वस्थ बसा

खोपोलीच्या एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या सासूबाईंचें वय ७६. घरांत दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडें. खाण्यापिण्याची ददात नाहीं. तरी गेले चार-पांच महिने सासूबाई दोन घांस घेऊन ताट सारतात, पहांटे तीनलाच जाग्या होतात, देवपूजा त्यांनीं थोरल्या सुनेवर सोंपविली आहे, आणि कोणीं विचारलेंच तर "मला काय धाड भरली आहे?" एवढेंच म्हणतात. डॉक्टरांनीं रक्त तपासलें, त्यांत विशेष कांहीं निघालें नाहीं. यजमान म्हणतात, "वय झालें, असें व्हायचेंच." धाकटे दीर म्हणतात, "खालापूरकडच्या एखाद्या वृद्धाश्रमांत ठेवूं. समवयस्कांत मन रमेल." भगिनी विचारतात, दोघांपैकीं खरें कोणाचें?

माझ्या मतें दोघांचेंही नाहीं. वय हा रोग नव्हे, आणि जागा बदलणें हें औषध नव्हे. सासूबाईंना जें झालें असावें असें पत्रावरून दिसतें त्याला डॉक्टर लोक डिप्रेशन म्हणतात. तें खरोखर तेंच आहे कीं नाहीं हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें. परंतु तशी शंका घरच्यांच्या मनांत यावी, आणि ती यावयास चार-पांच महिने लागूं नयेत, एवढ्यासाठीं हें पान या महिन्यांत त्याच विषयाला देत आहें.

हा विकार आपल्याकडे नवा नाहीं. नांव तेवढें नवें. संस्कृतांत त्याला विषाद आणि अवसाद असे शब्द असून दोहोंचा धातु एकच, सद्. निषीदति म्हणजे खालीं बसतो. विषीदति म्हणजे खिन्न होतो. बसणें आणि खचणें हीं आमच्या पूर्वजांना एकाच क्रियेचीं दोन रूपें वाटलीं. गीतेच्या पहिल्या अध्यायाला अर्जुनविषादयोग म्हणतात. त्यांत अर्जुन प्रथम गाऱ्हाणें सांगतो तें शरीराचें: अवयव ढिले पडले, तोंडाला कोरड पडली, अंगाचा दाह होतो, हातांतलें धनुष्य सुटतें. आणि अध्यायाच्या शेवटीं तो रथांत बसून राहतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पंचविसाव्या अध्यायांत, कशांत काय श्रेष्ठ याची एक लांबलचक यादी आहे. तींत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्यें अग्रस्थान विषादाला दिलें आहे. आजचे डॉक्टर निराळें सांगत नाहींत. मधुमेह किंवा दमा असलेल्या म्हाताऱ्या माणसाचें मन खचलें कीं पथ्य सुटतें, गोळ्या राहून जातात, चालणें थांबतें, आणि मूळचा रोग बळावतो.

हें दुखणें किती घरांत असेल? २०१७-१८ सालीं मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या-विज्ञान संस्थेनें केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयासाठीं वार्धक्याची देशव्यापी पाहणी केली. सुमारें ७२ हजार माणसांना घरोघर जाऊन प्रश्न विचारले. साठीच्या पुढच्या शंभरांपैकीं ८.३ माणसांच्या उत्तरांवरून त्यांना हा विकार असावा असें दिसलें. आणि डॉक्टरांनीं तसें निदान केल्याचें सांगणारीं माणसें शंभरांत एकहि भरेनात, ०.८ च. म्हणजे दहांतल्या नऊ जणांचें दुखणें कोणीं ओळखलेंच नव्हतें. त्याच पाहणींत एकटीं राहणारीं वृद्ध माणसें शंभरांत ५.७ निघालीं. आतां गणित पहा. एकटीं राहणारीं सारींच्या सारीं खिन्न आहेत असें क्षणभर धरलें तरी ८.३ चा हिशेब पुरा होत नाहीं. उरलेलीं माणसें भरल्या घरांतलीं आहेत. एकत्र कुटुंब आहे, सबब आमच्याकडे हें नाहीं, असें मानणाऱ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा.

म्हातारपणचा विषाद ओळखूं येत नाहीं याचें एक कारण असें कीं, तो रडत येत नाहीं. तरुण माणूस "मला उदास वाटतें" म्हणतो. वृद्ध माणूस "पोट साफ होत नाहीं", "अंगांत त्राण नाहीं" म्हणतो. पूर्वीं ज्यांत जीव रमे त्या कीर्तनांत, पत्त्यांत, नातवंडांच्या परवच्यांत तो रमेनासा होतो. कांहींना विसर पडूं लागतो, घरचे त्याला बुद्धिभ्रंश समजतात, आणि उपचारानें मन सांवरलें कीं स्मरणहि पुष्कळसें परत येतें. अशी लक्षणें दोन आठवडे टिकलीं तर डॉक्टरांना दाखवावें. थायरॉईडचा दोष, रक्तक्षय, बी-१२ ची उणीव, एखादें चालू औषध, यांनींहि असेंच चित्र उभें राहतें. तीं आधीं पाहून घ्यावीं लागतात. कान गेलेला माणूस तर हमखास कोपऱ्यांत बसतो, आणि आपण म्हणतों, अलीकडे अण्णांचा स्वभाव बदलला.

उलट प्रत्येक दुःख हा रोगहि नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ज्यांचीं मुलेंमाणसें त्या मातीखालीं गेलीं त्यांच्या रडण्याला रोग म्हणणें हा त्यांचा अपमान होईल. शोकांत माणूस गेलेल्यासाठीं झुरतो, पण जुनी आठवण निघाली तर हंसतो, नातवाला पोटाशीं धरतो. विषादांत तो स्वतःलाच निरुपयोगी, घराला भार समजूं लागतो, आणि कशानेंच हलत नाहीं. शोकाचा विषाद होऊं शकतो. म्हणून लक्ष ठेवावें, पण घाईनें नांव देऊं नये.

आतां उपायाकडे येतों. या बाबतींत दूर जाण्याची गरज नाहीं, आपल्या शेजारचा गोवा पुरे. तेथें १९९६ सालीं 'संगाथ' ही संस्था स्थापन झाली, डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकीं एक. मनोविकारतज्ज्ञ थोडे आणि रोगी फार, हें पाहून या मंडळींनीं सामान्य शिकलेल्या स्त्री-पुरुषांना, ज्यांचा या शास्त्राशीं पूर्वीं संबंध नव्हता अशांना, शिकवून तयार केलें. सहा ते आठ भेटींत त्यांनीं रोग्याला हळूहळू पुन्हां कामाला लावावयाचें, अशी ही पद्धति. तिच्यामागचा विचार साधा आहे. मन उदास झालें कीं माणूस हातपाय आवरतो; हातपाय आवरले कीं आनंदाचे प्रसंग कमी होतात; ते कमी झाले कीं मन आणखी उदास होतें. "मन लागलें म्हणजे उठेन" असें म्हणणारा उठत नाहीं. म्हणून क्रम उलटा करावयाचा: आधीं उठणें, मन मागाहून येतें. हा प्रयोग प्राथमिक आरोग्य केंद्रांत यशस्वी झाला आणि त्याचा वृत्तांत २०१७ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आला. पण त्यांत १८ ते ६५ वयाचींच माणसें घेतलीं होतीं. आमच्या वयाच्या माणसांचें काय, हा प्रश्न उरलाच.

त्याचें उत्तर गोव्यानेंच दिलें. डॉ. अमित डायस, डॉ. पटेल आणि अमेरिकेंतील डॉ. रेनॉल्ड्स यांनीं साठीच्या पुढचीं १८१ माणसें घेतलीं. यांना पुरा रोग जडलेला नव्हता, पण लक्षणें दिसूं लागलीं होतीं. निम्म्यांना नेहमींचे उपचार, निम्म्यांना शिकविलेल्या कार्यकर्त्यांची सोबत. या सोबतींत वृद्धांसाठीं जे फेरफार केले ते लक्षांत घेण्यासारखे आहेत. एका वेळीं एकच अडचण घेऊन तिचे लहान लहान तुकडे पाडून ती सोडवावयाची. झोंपेची शिस्त लावावयाची: उठण्याची वेळ ठरलेली, आणि जाग आल्यावर अंथरुणांत तळमळत पडावयाचें नाहीं. मधुमेहासारख्या दुखण्यांची निगा शिकवावयाची. आणि सरकारी मदत, औषधोपचार यांच्या पायऱ्या चढावयास हात द्यावयाचा. मनाच्या उपचारांत अनुदानाचा अर्ज कशाला, असें कोणी म्हणेल. पण ज्याला अर्धी रात्र औषधाच्या खर्चाचा घोर आहे त्याला नुसता धीर देऊन काय उपयोग? वर्षअखेर पाहिलें तेव्हां नेहमींच्या उपचारांतल्या ९० पैकीं १३ जणांना पुरा रोग जडला होता. सोबत मिळालेल्या ९१ पैकीं फक्त चौघांना. हा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. संख्या लहान आहे हें खरें, पण फरक लहान नाहीं.

हीं माणसें आपापल्या घरीं राहणारीं होतीं. जेथें वृद्ध माणूस वर्षानुवर्षें दुसऱ्याच्या हातीं असतो तेथें, म्हणजे वृद्धाश्रमांत, शुश्रूषागृहांत किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या खोलींत, हेंच काम करावयाचें तर आणखी पुष्कळ बदलावें लागेल. कर्जत-खालापूरकडे हा प्रश्न विशेष आहे. मुंबईहून लोकलनें दोन तासांची वाट, डोंगराची हवा, त्या मानानें स्वस्त जमीन, यामुळें या बाजूला वृद्धांच्या निवासाच्या संस्था निघाल्या. खोपोलीचें रमाधाम पुष्कळांना ऐकून माहीत असेल. दुसऱ्या बाजूनें, इथलींच तरुण मुलें पहांटेची गाडी धरून मुंबईला जातात, रात्रीं परततात, किंवा डोंबिवली-ठाण्याकडे बिऱ्हाड करतात, आणि वाड्यांत दोन म्हातारीं माणसें एक बाई ठेवून राहतात. वृद्धाश्रम आणि असा वाडा यांत पाटीखेरीज फारसा फरक मला दिसत नाहीं.

पहिली अडचण विचारण्याची. व्यवस्थापकांनीं विचारलें, "काय आजी, बरें आहे ना?" तर आजी "बरें आहे" म्हणणारच, त्यांना तेथें राहावयाचें आहे. सुनेनें विचारलें तरी सासू तेंच म्हणणार. कारण निराळें, उत्तर एकच. म्हणून विचारणारा माणूस असा हवा कीं ज्याच्या हातीं आजींचें ताट नाहीं. माहेरची भाची, शेजारची शिक्षिका, गांवची आशा सेविका, कोणीहि. पण त्यानें एकांतांत विचारावें, ऐकूं येणाऱ्या कानाच्या बाजूला, उजेडाकडे तोंड करून बसावें. मोठ्यानें ओरडून मनाचें दुखणें विचारलें तर सारा सोपा ऐकतो, आणि मग कोण बोलेल?

काय विचारावें यालाहि विचार लागतो. अमेरिकेंत येसाव्हेज आदि डॉक्टरांनीं १९८२-८३ च्या सुमारास खास वृद्धांसाठीं ३० प्रश्न तयार केले. पुढें त्यांतले १५ निवडले. उत्तर फक्त होय किंवा नाहीं. झोंप, भूक, दुखणीं यांचे प्रश्न त्यांत मुद्दाम वगळले आहेत, कारण त्या तक्रारी म्हातारपणीं निरोगी मनाच्या माणसालाहि असतात. ही मोठी शहाणपणाची गोष्ट. परंतु बाहेर जाऊन कांहीं नवें करण्यापेक्षां घरींच बसणें बरें वाटतें का, अशा अर्थाचाहि एक प्रश्न त्यांत आहे. आषाढांत, शेवाळलेल्या पायवाटेवर, गुडघे दुखणाऱ्या आजीला हा प्रश्न विचारून काय समजणार? आणि ज्या आश्रमाच्या फाटकाबाहेर परवानगीशिवाय जातां येत नाहीं तेथें तो विचारणें ही थट्टाच होय. असे प्रश्न बदलून घ्यावेत. "हल्लीं घोर लागतो का?", "जीव कशांत रमत नाहीं का?", "आपण घराला ओझें झालों असें वाटतें का?" हें मराठी आजीला समजतें.

आणि सर्वांत आधीं ज्याला कळतें त्याला कोणी विचारीतच नाहीं. अंघोळ घालणाऱ्या मावशीला. वेणी घालतांना आजी आरशांत पाहीनाशा झाल्या, हें तिच्या ध्यानांत प्रथम येतें. तिला चार दिवसांचें शिक्षण आणि आठवड्यांतून एकदां तिचें म्हणणें ऐकून घेणारी परिचारिका, एवढें मिळालें तर निम्मी व्यवस्था झाली. पण बहुतेक ठिकाणीं एकेका मावशीकडे इतकीं माणसें असतात कीं अंघोळीच उरकतात, बोलणें होत नाहीं. येथें पैशाचा प्रश्न आहे, आणि तो नसल्याचें सोंग आणण्यांत अर्थ नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. १९७६ सालीं एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन विदुषींनीं अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांतल्या एका शुश्रूषागृहांत केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलें: खोली कशी लावावयाची तें तुम्ही ठरवा, तक्रार असेल ती तुम्ही सांगा, या रोपांतून हवें तर एक निवडा आणि त्याला पाणी तुम्ही घाला, सिनेमा कोणत्या रात्रीं पाहावयाचा तें तुम्ही सांगा. दुसऱ्या मजल्यावर तितक्याच प्रेमानें सांगितलें कीं तुम्हांला सुखांत ठेवणें हें आमचें काम. रोप दिलें, पण पाणी परिचारिका घालीत. तीन आठवड्यांनीं पहिल्या मजल्यावरचीं माणसें अधिक आनंदी, अधिक सावध, अधिक हिंडतीं-फिरतीं दिसलीं. रोप दोन्हीकडे होतें. फरक पाणी कोणाच्या हातचें एवढाच.

हें वाचतांना मला आपलीं घरें आठवलीं. आईनें विळी ओढली कीं सून ती काढून घेते: "तुम्ही आतां स्वस्थ बसा, आई. जन्मभर केलेंत." यांत सुनेचा आदरच असतो, कधीं कधीं घाईहि असते. पुढें किल्ल्या जातात, मग वाणसामानाची यादी, मग कुळाचाराच्या दिवशीं काय करावयाचें तें विचारणें. एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शनाला तिला पाटावर बसवून दिव्यांनीं ओंवाळतात, फोटो काढतात. आणि दुसऱ्या दिवशीं घरांत तिच्या मतावांचून अडेल असें एकहि काम नसतें. आश्रमांत हेंच नियमानें होतें. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें वृद्धाश्रमांतल्या सोयींचा विचार करतांना वैद्यकीय मदत आणि करमणुकीचीं साधनें यांचा उल्लेख केला आहे. म्हणून दिवाणखान्यांत दूरचित्रवाणी असते. ती चालू असते आणि पुढें माणसें पेंगत असतात. करमणूक ही विषादावर औषध म्हणून फार दुबळी. तिला माणसाची गरज लागत नाहीं.

तेव्हां उपचार करणाऱ्यानें वृद्धाच्या हातीं असें काम परत द्यावें कीं जें खरोखर कोणाच्या तरी उपयोगी पडतें. आपल्या बाजूला कडवे वाल पिकतात. मोड आलेले वाल सोलून बिरडें करावयाचें तर आजीच्या बोटांइतकीं तरबेज बोटें घरांत नसतात. वाती वळणें, तांदूळ निवडणें, शेजारणीला ऐकूं येईल असें पोथीचें एक पान वाचणें. पुरुषांचें अधिक अवघड. नोकरी सुटली कीं त्यांच्या हातांत कांहींच नसतें. त्यांना आश्रमाच्या भाजीचा हिशेब द्यावा, वर्तमानपत्र चौघांना वाचून दाखवूं द्यावें, शेजारच्या वाडीवरच्या मुलांचे पाढे घेऊं द्यावे. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथें डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं २००६ पासून आरोग्यसेविकांचें काम करणाऱ्या आज्यांनाच शिकवून दवाखान्याच्या आवारांतल्या लांकडी बांकावर बसविलें; 'फार विचार करण्या'च्या दुखण्यानें गांजलेलीं माणसें त्यांच्याजवळ मन मोकळें करतात. ती पद्धति गुणकारी ठरल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. आमच्या आश्रमांतून धडधाकट आज्या काय थोड्या आहेत?

मात्र खचलेल्या माणसापुढें सूप ठेवून "निवडा" म्हटलें तर तो भिंतीकडे तोंड फिरवील. प्रारंभ दहा मिनिटांचा असावा. कोणीतरी बरोबर बसावें. काम त्यानें निवडावें, आपण नव्हे. जमलें नाहीं तर बोलणीं बसूं नयेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठीं घरांतलीं कामें निराळीं ठरवून ठेवावीं, नाहींतर देवळापर्यंतचें फिरणें बंद झालें कीं घडी विस्कटते.

खोपोलीच्या भगिनींना यावरून उत्तर मिळालें असेल. धाकट्या दिरांना एवढेंच सांगावें कीं आश्रम वाईट असें नव्हे, पण मन खचलेलें असतांना माणसाची जागा बदलूं नये. आधीं उपचार, मग त्यांनाच विचारून निर्णय. देवपूजा सासूबाईंना एकदम परत देऊं नये. फुलें तेवढीं त्यांनीं काढावीं, तींहि त्यांना वाटेल तेव्हां.

औषधांविषयीं दोन शब्द. विकार जोराचा असेल तर गोळ्या लागतात, आणि त्या व्यसन लावतात ही समजूत चुकीची आहे. लोक त्यांची गल्लत झोंपेच्या गोळ्यांशीं करतात. वृद्धांना मात्रा थोडी सुरू करून हळूहळू वाढवितात. गुण यावयास कित्येक आठवडे लागतात. तोंवर धीर धरावा, आणि बरें वाटूं लागतांच मनानें बंद करूं नयेत. कांहीं गोळ्यांनीं रक्तांतलें सोडियम उतरतें, तोल जातो. म्हणून नवी गुंगी, गोंधळ किंवा पडणें दिसलें तर त्याच दिवशीं डॉक्टरांना कळवावें. कोणी "आतां जगून काय करूं" असें वारंवार म्हणूं लागला तर तें बोलणें हंसण्यावारीं नेऊं नये. मरणाचे विचार येतात का, हें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार डोक्यांत शिरत नाहीं, उलट बोलल्यानें भार उतरतो. त्याला एकटा सोडूं नये, आणि शेतीचीं विषारी औषधें, साठवलेल्या गोळ्या घरांतून हलवाव्यात.

मनाच्या डॉक्टरांकडे जाणें म्हणजे वेडा ठरणें, ही भीति अजून आमच्या सुशिक्षित घरांतहि आहे. कर्जतजवळ वेणगांवीं डॉ. भरत वटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रांत रस्त्यांवर भटकणारे, घरदार विसरलेले मनोरुग्ण बरे होऊन आपापल्या गांवीं पोंचविले जातात. त्या कार्याला २०१८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. तें दुखणें याहून कितीतरी भारी. तेंहि जर आवरतें, तर आजींच्या खिन्नतेला लाजण्याचें कारण काय?

प्रथम घरच्याच डॉक्टरांना सांगावें. नाहींतर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत चौकशी करावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनें 'टेली-मानस' ही दूरध्वनीची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतहि बोलतां येतें. डॉक्टरांकडे जातांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णेंसुद्धां, एका पिशवींत घालून न्यावीं. चष्मा आणि कानाचें यंत्र विसरूं नये. आणि तेथें गेल्यावर मुलानें किंवा सुनेनें हकीकत सांगावयास घाई करूं नये; ज्याचें दुखणें त्याला प्रथम बोलूं द्यावें, मग तें कितीहि सावकाश असो.